सामना कागदावर आणताना

कापूस घरात आला, तूर सोंगायला आली, की महागाव-उमरखेड-पुसदच्या पट्ट्यात गावोगाव खुल्या कबड्डीचे सामने लागतात. समजा, तसेच सामने फुलसावंगीत लागले आहेत. रात्रीचे आहेत, बांबूंवर हॅलोजन चढले आहेत आणि तुम्हाला त्यावर लिहायचं आहे. बातमी तालुक्याचा वार्ताहर देईलच. तीत उद्घाटक येतील, प्रमुख पाहुणे येतील, पहिलं, दुसरं, तिसरं बक्षीस कोणाकडून तेही येईल आणि जागा उरली तर शेवटच्या ओळीत कोण जिंकलं तेवढंही येईल. तुम्हाला लिहायचा आहे ललित लेख, आणि जमली तर कविता. त्याची ही कृती.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून टाका: पूर्ण सामना लिहायचा नाही. एक चढाई लिहायची. चढाईला तीस सेकंद मिळतात, त्याहून जास्त नाही. निकाल तर रात्रीच सगळ्या गावाला कळलेला असतो, पैनगंगेपलीकडे माहूरच्या नातेवाइकालाही मोबाईलवर पोचलेला असतो. तुमच्याजवळ देण्यासारखं उरतं ते निकालाच्या अलीकडचं. तिथे कोणाचं लक्ष नसतं, कारण सगळे गुण मोजत असतात.

सामन्याच्या आधी

नियम वाचा. कविता लिहिणारे लोक हे टाळतात आणि मग 'जिद्द', 'झुंज', 'रणांगण' असल्या शब्दांनी पानं भरतात. कबड्डीतला ताण नियमांत असतो. पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर, प्रत्येक बाजूला सात जण, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं ऐका. समोर सहा किंवा सात जण असतील तरच बोनस रेषेचा गुण मिळतो. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईवाला बाद. आणि समोर तीन किंवा त्याहून कमी उरले असताना त्यांनी पकड केली, तर त्यांना एक गुण जास्त मिळतो. म्हणजे सात जणांच्या संघापेक्षा तिघांचा संघ कधी कधी जास्त धोक्याचा. आता या तिन्ही गोष्टी एकाच चढाईत एकत्र आल्या आहेत असं बघा: तिसरी चढाई, समोर तिघं, बोनस बंद. तुमचा लेख निम्मा तयार झाला. गावच्या सामन्यांत मात्र आयोजक वेळ कमी करतात, एखादा नियम गाळतात. तेव्हा सुरू होण्याआधी पंचांना विचारून घ्या.

मैदानावर दुपारीच जा. लोक रात्री येतात, पण मैदान दिवसा तयार होतं. माती उकरून खडे वेचले जातात, पाणी मारलं जातं, दाबलं जातं, परत पाणी. दोन पोरं दोरी ताणून धरतात आणि तिसरा वाकून फक्की सोडत मागे मागे सरकतो. रेषा वाकडी गेली की पायाने पुसून परत. या माणसाला रात्री कोणी ओळखणार नाही. त्याच्याशी बोला, मैदानात खडे किती निघाले, कुठल्या कोपऱ्यात माती जास्त भुसभुशीत आहे, ते विचारा. रात्री त्याच कोपऱ्यात कोणाचा तरी पाय रुतेल, आणि ते का घडलं हे मैदानाबाहेरच्या लोकांत फक्त तुम्हालाच कळलेलं असेल.

सोबत घ्यायचं ते थोडं: खिशात मावेल अशी वही आणि शिसपेन्सिल. थंडीत बॉलपेन अडतं. मोबाईलवर शूटिंग करू नका. कॅमेरा चढाईवाल्यामागे धावतो, तुम्ही पडद्यात बघत बसता आणि मग घरी येऊन सामना सोडून पडद्याचं वर्णन लिहिता. आवाज मात्र ध्वनिमुद्रित करून ठेवा. माईकवरचा समालोचक, मागच्यांच्या आरोळ्या, मध्येच हरवलेल्या चपलेची घोषणा, हे सगळं आठवणीत राहत नाही, आणि मागाहून मनाने रचलं तर खोटं वाटतं.

बसायचं कुठे

मंडपात पाहुण्यांच्या मागे बसू नका. तिथून खेळाडूंची डोकी दिसतात आणि पाहुण्यांचे फेटे. कबड्डी पायांनी खेळली जाते. मैदानाच्या कोपऱ्यावर, कोपरारक्षकाच्या मागे, मांडी घालून खाली बसा. डोळे खेळाडूंच्या गुडघ्यांच्या पातळीवर आले पाहिजेत. पहिल्या सामन्यात फक्त चढाई करणारा बघा. दुसऱ्यात त्याला सोडून द्या आणि पकड करणारे बघा: साखळी धरलेल्या दोघांतला कोण आधी सुटतो, मधला कोणाकडे बघून इशारा करतो, कोपऱ्यातला कुठल्या पायावर वजन ठेवून आहे. तिसऱ्यात मैदानाकडे पाठ फिरवा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहिलेले लोक, शाल पांघरून राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेला आणि एकदाही आत न गेलेला मुलगा, शेंगदाण्याची गाडी. चढाई रंगात आली की शेंगदाणेवाल्याचा हात वर थांबतो का? बघा. थांबत नसेल तर तसंच लिहा.

वहीचं पान मधोमध दुमडा. डाव्या बाजूला डोळ्यांना दिसलं ते, उजव्या बाजूला कानावर आलं ते. 'मला काय वाटलं' यासाठी तिसरा रकाना काढू नका; वाटणं घरी गेल्यावरही होतं, आणि जरा जास्तच होतं. असं एखादं पान बघा.

डावीकडे: उजव्या गुडघ्याला कापडी पट्टी, मळकी, गाठ बाहेरच्या बाजूला. कोपऱ्यातला पोरगा तळवे मातीला पुसतो, मग चड्डीला, परत मातीला. चढाईवाला मधल्याला हात दाखवतो, बघतो मात्र कोणाकडेच नाही. पंचाच्या शिट्टीची दोरी लाल.

उजवीकडे: 'पायाकडं बघ बे, तोंडाकडं काय बघतं!' माईक: 'तिसरी चढाई, लक्ष द्या मंडळी.' कबड्डी-कबड्डीतला 'ड' तेवढा ऐकू येतो. मागून कोणीतरी हिंदीत सेकंद मोजतंय, उलटे.

यात एकही सुंदर वाक्य नाही. नसावंच.

एक सराव इथेच करून घ्या, हसत हसत होतो. मित्राला मैदानाकडे पाठ करून बसवा आणि एक चढाई तोंडी सांगा. तो विचारत जाईल: समोर किती होते? कोण कुठे उभा होता? हात लागला तो खांद्याला का पायाला? त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे तुमच्या वर्णनातलं एकेक भोक. आकाशवाणीवर मराठीतून क्रिकेटचं समालोचन करणारे बाळ ज. पंडित यांच्यासमोर रोज असेच न दिसणारे लाखो मित्र पाठ करून बसलेले असत. म्हणून रेडिओवर आधी क्षेत्ररचना लागायची, मग गोलंदाज धावायला लागायचा. टीव्ही आल्यावर समालोचकांची ती सवय मोडली आणि आपली लिहिणाऱ्यांचीही. आधी माणसं जागेवर उभी करा, मग त्यांना हलवा.

सामना संपल्यावर

विजेत्याभोवती गर्दी होते. तुम्ही हरलेल्यांच्या बाजूला जा. 'कसं वाटतंय?' हे कोणालाच विचारू नका, कारण त्याचं उत्तर ठरलेलं असतं. नेमकं विचारा: 'त्या वेळी तू कोणत्या पायाकडे बघत होतास?' 'दम कुठे संपत आला?' 'पट्टी कधीपासून बांधतोस?' खेळाडूला शरीराबद्दल विचारलं की तो भरभरून बोलतो, भावनेबद्दल विचारलं की टीव्हीवर ऐकलेलं सांगतो. मग गुणलेखकाचा कागद बघून गुण, वेळ आणि नावं ताडून घ्या. नाव छापायचं असेल तर ज्याचं आहे त्याला विचारा. शाळकरी पोर असेल तर नाव लिहूच नका, विशेषतः ते रडत असेल तर.

त्याच रात्री, झोपण्याआधी, वहीतलं जसंच्या तसं मोठ्या कागदावर उतरवा. सकाळपर्यंत निम्मं विरतं.

पहिला खर्डा आणि त्याची झाडाझडती

पहिला खर्डा बहुधा असा येतो:

'मैदानात उतरलेला तो वीर विजेच्या चपळाईने प्रतिस्पर्ध्यांच्या गोटात वाघासारखा घुसला. प्राणाची बाजी लावून त्याने झुंज दिली, पण दैवाने साथ दिली नाही. प्रेक्षकांनी टाळ्यांच्या कडकडाटात मैदान डोक्यावर घेतलं.'

येऊ द्या. मग त्याची परीक्षा घ्या. यातला 'वीर' काढून 'पैलवान' घाला, परिच्छेद कुस्तीच्या दंगलीला चालतो. 'बैल' घाला, शंकरपटाला चालतो. 'उमेदवार' घाला, ग्रामपंचायतीलाही चालतो. जो परिच्छेद कुठेही चालतो तो फुलसावंगीचा नाही. आता वही उघडा आणि तीच चढाई वहीतून लिहा:

'तिसरी चढाई होती. समोर तिघं उरले होते आणि हा रिकाम्या हाताने परत जाऊ शकत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. उजव्या कोपऱ्यातल्या पोराने तळवे मातीला पुसले, चड्डीला पुसले, परत मातीला. चढाईवाल्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो मधल्याला हात दाखवत राहिला, एकदा, दोनदा. दम बारीक होत चालला होता. आता शब्दातला ड तेवढा ऐकू येत होता. मागे कोणीतरी सेकंद मोजायला लागलं. हात मधल्याच्या खांद्याला लागला आणि तो वळला. वळताना पट्टीचा पाय क्षणभर मागे राहिला. कोपऱ्यातल्याला तोच पाय हवा होता. घोट्याबरोबर पट्टीचं टोकही त्याच्या हातात आलं. चढाईवाला आडवा पडला, हात लांब केला, रेषेवर फक्की उडाली. शिट्टी वाजली नाही. पंच वाकून बघत होते.'

यात उपमा नाही. शूर, जिद्दी, चपळ असलं एकही विशेषण नाही. नियम आला, पण समजावून सांगितल्यासारखा आला नाही. तिघांच्या मनात ठेवला म्हणून खपला. आणि परिच्छेद निकालाच्या आधी थांबला. निकाल पुढे कुठेतरी, दुसरंच काही सांगताना, अर्ध्या वाक्यात सांगून टाका. वाचक चिडत नाही, उलट तो पहिला परिच्छेद परत वाचतो.

लेख फुगवायचा कशाने

एका चढाईचा लेख हजार-बाराशे शब्दांचा करायचा तर बाकीचा मजकूर लागणारच. तो तिघा-चौघांकडून येतो: मैदान आखणारा, पट्टीवाला, कोपऱ्यातला, पंच. पट्टीवाला दिवसा काय करतो, सरावाला कुठे जातो, परतीला मोटारसायकलवर तिघं बसून किती वाजता घरी पोचतात. पण इथे एक साचा वाट बघत बसलेला असतो. 'घरची परिस्थिती हलाखीची, तरीही जिद्दीच्या जोरावर...' या साच्यात एकदा माणूस घातला की तो बाहेर निघत नाही. गरिबी असेल तर ती वस्तूंतून दिसू द्या: बुटांची जोडी दोघांत एक आहे, सकाळच्या पाळीला जाणारा आधी खेळतो. तिच्यावर मात झाली की नाही हे ठरवायला आपण कोण?

इतिहासही आणा, पण त्याला खुंटी मिळाली तरच. कबड्डीचा लेख लिहिताना अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची आठवण काढायला हरकत नाही. १९१४ साली सुरू झालेल्या या मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीत गेलं आणि तिथे मल्लखांब, कबड्डी असे आपले खेळ करून दाखवले. विदर्भातल्या आखाड्याची माती हिटलरच्या बर्लिनमध्ये! हे वाक्य मोहात पाडतं. पण ते लेखात कुठे येणार? फक्कीवाला म्हणाला की 'अमरावतीच्या सरांनी आम्हाला आखणी शिकवली', तर येईल. कोणी काहीच म्हणालं नाही तर राहू द्या, पुढच्या लेखाला कामी येईल.

कुस्तीवर लिहिणाऱ्याला खाशाबा जाधव टाळता येत नाहीत. १९५२, हेलसिंकी, फ्रीस्टाइलच्या बँटमवेट गटात कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. एवढं सांगून लोक थांबतात, म्हणून लेख पाट्यांसारखे वाटतात. कराडजवळच्या गोळेश्वरला ते परतले तेव्हा स्वागताला दीडशेवर बैलगाड्या आल्या असं सांगतात. बैलगाड्या धरा. त्या कुठून कुठून आल्या असतील, त्या दिवशी कोणत्या शेतात काम थांबलं असेल, हे विचारलं की पदक गावात येतं.

जाता जाता एक मौज: १९१२ ते १९४८ पर्यंतच्या ऑलिम्पिकमध्ये साहित्यालाही पदकं होती. मजकूर खेळाशी संबंधित असावा अशी अट. १९१२ च्या स्टॉकहोममध्ये साहित्याचं सुवर्णपदक मिळालं ते खेळावरच्या एका स्तोत्राला, आणि कवी निघाले आधुनिक ऑलिम्पिकचे जनक पिएर द कुबर्तां. त्यांनी दोन टोपणनावांनी ते पाठवलं होतं. खाशाबा हेलसिंकीला गेले तोवर साहित्याची पदकं बंद झाली होती.

क्रिकेटचं वेगळं आहे. क्रिकेटवर लिहिणं सगळ्यांत अवघड, कारण सामना सगळ्यांनी तोच आणि तसाच, एकाच कॅमेऱ्यातून पाहिलेला असतो. द्वारकानाथ संझगिरींनी त्यावर वाट काढली होती: ते सामन्याइतकंच शहराविषयी, जेवणाविषयी, जुन्या गाण्यांविषयी लिहीत. वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये खेळाच्या पानाला स्वतःची शिस्त लावली. त्यांच्याकडून आकडा नेमका ठेवायला शिकावं. मग फुलसावंगीच्या माणसाने विदर्भाच्या रणजी विजयावर लिहायचं कसं? २०१७-१८ च्या मोसमात इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणीने दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली, विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. पुढच्या मोसमात परत, आणि २०२४-२५ मध्ये नागपुरात केरळविरुद्ध तिसऱ्यांदा, पहिल्या डावाच्या आघाडीवर. गुरबाणीचा चेंडू कसा आत आला हे लिहू नका. इंदूरला असलेल्यांनी ते लिहिलंय. पानटपरीवरच्या ज्या मोबाईलवर तुम्ही तो पाहिलात, त्याची काच कुठे तडकली होती आणि नेमक्या त्या वेळी रेंज गेली तेव्हा कोण काय बोललं, ते लिहा. ते इंदूरच्या पत्रकाराजवळ नाही.

शंकरपटावर लिहायचं मनात असेल तर जरा थांबून लिहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात अटींसह त्या पुन्हा सुरू झाल्या, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. धुरकऱ्याचा थरार लिहिताना बैलाची पाठ बघायची राहिली, तर लेख अर्धाच झाला. पाठीवर काही दिसलं नाही तर तेही लिहा.

बोली

सामन्यात लोक वऱ्हाडी बोलतात, तांड्यावरची पोरं एकमेकांना गोरमाटीत सांगतात, मागून दखनी हिंदीत शेरे येतात, आणि माईकवरचा मनुष्य तिन्हींची मिसळ करून त्यात 'रेड', 'पॉइंट', 'टाईम' घालतो. संवादात हे सगळं जसं कानावर आलं तसं ठेवा. गोरमाटी येत नसेल तर ओरडणाऱ्यालाच जाऊन विचारा आणि लिहून दाखवा. तुमच्या स्वतःच्या निवेदनात मात्र बोलीची फोडणी चमच्या-चमच्याने टाकू नका. एक तर सगळा लेख वऱ्हाडीत लिहा, नाहीतर बोली माणसांच्या तोंडीच राहू द्या. यवतमाळच्या शंकर बडेंनी वऱ्हाडीत लिहिलं ते पूर्ण वऱ्हाडीत.

आता कविता

आपल्याकडे खेळाच्या कवितेचं एक तयार भांडं आहे आणि ते वर्षातून एकदाच फडताळातून निघतं: पोळ्याची झडती. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात, कोणीतरी खड्या आवाजात यमकाच्या ओळी म्हणतो, बैलाचं कौतुक करता करता सावकाराला, पुढाऱ्याला, पावसाला चिमटा काढतो आणि शेवटी सगळे 'हर हर महादेव' करतात. ग्रीकांचा पिंडार अडीच हजार वर्षांपूर्वी मल्लांची आणि रथांच्या शर्यती जिंकणाऱ्यांची स्तोत्रं रचत होता, तीही समूहाने गायला. त्यांत स्पर्धेबद्दल कमी आणि जिंकणाऱ्याच्या घराण्याबद्दल, गावाबद्दल, देवांबद्दल जास्त असे. झडतीचंही तसंच असतं. फरक एवढाच की पिंडारला मानधन मिळायचं.

म्हणून पहिली कविता झडतीच्या अंगाने लिहा. नियम तीन: दोन-दोन ओळींचं यमक, प्रत्येक जोडीत एक दिसणारी वस्तू, आणि शेवटच्या जोडीत चिमटा. कबड्डीसाठी चौथा नियम मी घालतो: अख्खी कविता एका दमात म्हणता आली पाहिजे. चढाईवाल्याला जो दम लागतो तोच कवितेला. म्हणताना मध्ये श्वास घ्यावा लागला तर ओळी कापा. वरच्याच चढाईची ही झडती:

फक्की मारून सरळ केली रेघ भाऊ पांढरी,
अर्धं गाव रेघेपाशी, अर्धं गाव ट्रॅक्टरी.
दम धरून पोरगा आला, पाय टाकला जपून,
कोपऱ्यातलं पोट्टं होतं पट्टीवरच टपून.
हात गेला रेघेवरती, उडली फक्की वाऱ्यात,
पंच म्हणे बाद, आणि भांडण लागलं साऱ्यांत.
ढालीवरती नाव कोरलं देणाऱ्याच्या आज्याचं,
ज्याचं ढोपर सोललं ना, नाव नाही त्या राजाचं.

आठ ओळी, एक दम. यमक कुठे कुठे ओढूनताणून आलंय, ते झडतीत चालतं. तिथे आवाज चढा असला की मात्रांचे हिशेब कोणी मागत नाही. छापायला देताना मात्र शेवटचं यमक घासून घ्या.

सगळ्या खेळांना झडती मानवत नाही. खो-खोच्या मुलींवर लिहायचं तर यमक आड येतं, कारण त्या खेळाचा ताल तुटक आहे: बसणं, थांबणं, एकदम सुटणं. तिथे मुक्तछंद घ्या आणि नियमालाच कवितेचा कणा करा. पाठलागाच्या बाजूला आठ जणी ओळीत बसलेल्या असतात, एकीआड एकीचं तोंड उलट दिशेला. खो मिळाल्यावर पहिलं पाऊल ज्या दिशेला पडलं ती दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही. एवढ्यावर कविता उभी राहते:

आठ जणी बसलेल्या,
एकीचं तोंड उगवतीला, दुसरीचं मावळतीला.
खेळ चाललाय तो पाठीमागे.
ती ऐकते:
पावलं, वळण, धाप, खांबावर आपटलेला तळवा.
कोणाची पावलं आणि किती लांब
हे तिला पाठीतून कळतं.
खो.
पहिलं पाऊल पडलं
की आता खांबापर्यंत वळायचं नाही.

शेवटच्या दोन ओळी म्हणजे निव्वळ नियम आहे, पुस्तकातला. त्यात 'आयुष्य' हा शब्द घालायची इच्छा होईल, घालू नका. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे महिला आणि पुरुष असे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. तरी या खेळावरच्या कविता मराठीत हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात. जागा मोकळी आहे, सूर मारा.

शेवटचे हात

लेख चार दिवस बाजूला ठेवा. मग पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचा. दहातल्या आठ वेळा पहिल्याची गरज नसते. तो तुम्ही स्वतःला तापवायला लिहिलेला असतो. नंतर 'जणू', 'जसा काही', 'साक्षात' यांच्याखाली रेघा मारा आणि फार तर एकाला जीवदान द्या. मोठ्याने वाचा, चढाईच्या परिच्छेदात वाक्यं आखूड आणि मैदान आखण्याच्या परिच्छेदात लांब असली पाहिजेत, कारण एकाला तीस सेकंद लागले आणि दुसऱ्याला अख्खी दुपार. सगळी वाक्यं एका मापाची आली असतील तर चढाईतली मोडा.

मग पट्टीवाल्याला वाचून दाखवा. कौतुक करायला लागला तर थांबवा आणि कुठे चुकलं ते विचारा. तो म्हणेल, 'मी खांद्याला नाही, दंडाला हात लावला होता.' दुरुस्त करा. तो म्हणेल, 'हे हरल्याचं कशाला लिहिलं?' यावर मात्र दुरुस्ती करायची नाही, चहा पाजायचा.

पाठवताना मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला हवा, फोटो काढून पाठवलेलं हस्तलिखित संपादक उघडतही नाहीत. दिवाळी अंकासाठी पावसाळा लागता लागता पाठवा. गणपतीपर्यंत बहुतेकांची पानं भरलेली असतात. लेख आणि कविता एकाच पाकिटात कोंबू नका, दोन वेगळ्या ठिकाणी पाठवा आणि कुठे काय पाठवलं ते वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवा. छापून आलं की अंकाच्या दोन प्रती मागा: एक पट्टीवाल्याला, दुसरी फक्की मारणाऱ्याला.